रेंजफाइंडर निर्दोष होता: एका सेंच्युरी ग्राफिकची जुळणी

तक्रार अशी होती: भर उन्हात काढलेले फोटो ठीक येतात, घरात काढलेले सगळे पुसट. कॅमेरा ग्राफ्लेक्स कंपनीचा सेंच्युरी ग्राफिक, १२० फिल्मच्या एका रोलवर ६×९ सेंटिमीटरचे आठ फोटो काढणारा. मालक म्हणजे अमेरिकेत, आमच्या रॉचेस्टरमध्ये राहणाऱ्या ओळखीच्या काकूंचा भाचा, इथे शिकायला आलेला. निदानही त्याने परस्पर करून टाकलं होतं. "दादा, रेंजफाइंडर गेलाय. कव्हर उघडून दोन स्क्रू फिरवायचे असतात, व्हिडिओत दाखवलंय. तुम्ही फक्त शेजारी बसा."

मी त्याला कव्हर उघडू दिलं नाही. त्याला काही फार मोठं कारण नव्हतं. जुन्या कॅमेऱ्यात फोकस चुकला की पहिला आळ रेंजफाइंडरवर, म्हणजे दोन चित्रं एकावर एक आणून फोकस जुळवायच्या साधनावर येतो, कारण फिरवता येतील असे स्क्रू त्यातच दिसतात. आणि एकदा ते फिरले की मूळ बिघाडाचा माग लागणं कठीण होऊन बसतं. प्रेस कॅमेऱ्याच्या जुळणीत रेंजफाइंडरची पाळी सगळ्यात शेवटी यावी, हे माझं जुनं मत. या प्रकरणात ती पाळी आलीच नाही.

कॅमेरा

काकूंनी तो इस्टेट सेलमधून उचलला होता. इथे घरातलं म्हातारं माणूस गेलं की घरातली चीजवस्तू तिथल्या तिथे विकायला काढतात. रॉचेस्टर हे कोडॅकचं गाव, त्यामुळे अशा घरांच्या तळघरांत कॅमेरे, भिंगं, डेव्हलपिंगच्या टाक्या निघणं नवलाचं नाही. भाच्याला फोटोग्राफीचा नाद, म्हणून काकूंनी पेटीसकट घेतला.

सेंच्युरी ग्राफिक १९४९ साली आला आणि १९७० पर्यंत बनत राहिला. वर्तमानपत्रांच्या छायाचित्रकारांच्या हातात जुन्या फोटोंत दिसतो तो याचा थोरला भाऊ, ४×५ इंची स्पीड ग्राफिक. इवो जिमा या जपानी बेटावर अमेरिकी झेंडा उभारतानाचा, छायाचित्रकार जो रोझेन्थाल यांचा १९४५ सालचा फोटो स्पीड ग्राफिकवरचाच. आपल्याकडे वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून पुढे दिल्लीत जी कारकीर्द केली, तिच्यातही हा कॅमेरा होता. सेंच्युरी त्या घराण्यातला धाकटा आणि स्वस्तातला. त्याला मागचं पडद्याचं शटर नाही, आणि अंग लाकडाऐवजी साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकचं आहे. प्लॅस्टिक म्हटल्यावर लोक नाक मुरडतात. मला ते आवडतं, कारण ते दमट हवेत फुगत नाही.

लेन्स कोडॅकची एक्टार, १०१ मिलिमीटर, एफ/४.५. तिच्या नंबराची सुरुवात 'आरए'ने होते. कोडॅकने 'कॅमेरॉसिटी' या शब्दाच्या दहा इंग्रजी अक्षरांना १ ते ९ आणि शेवटी ० असे आकडे देऊन लेन्सचं साल लिहायची पद्धत ठेवली होती. त्यात आर म्हणजे ५ आणि ए म्हणजे २, म्हणून लेन्स १९५२ ची. शटर ग्राफेक्स, म्हणजे वोलेनसॅक कंपनीने ग्राफ्लेक्ससाठी बनवलेलं. ग्राफ्लेक्स, कोडॅक आणि वोलेनसॅक तिन्ही रॉचेस्टरच्या. फक्त बाजूला बसवलेला कॅलार्ट रेंजफाइंडर कनेक्टिकटमधल्या प्लेनव्हिलचा. गावाबाहेरचा असा तेवढा एकच भाग, आणि संशय नेमका त्याच्यावर.

फोकसची यंत्रणा नीट समजून घ्यावी लागेल, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कॅमेऱ्याचं पुढचं दार उघडून खाली पाडलं की त्यावर दोन रूळ दिसतात. लेन्सची चौकट भात्यासकट या रुळांवर पुढे ओढायची आणि रुळांवरच्या दोन लहान धातूच्या स्टॉपांना टेकवून कुलूपबंद करायची. चौकट स्टॉपांना टेकलेली आणि रूळ आपल्या मूळ जागी, म्हणजे फोकस अनंतावर. जवळच्या वस्तूसाठी बाजूची चाकी फिरवली की रूळच पुढे जातात आणि लेन्सला बरोबर नेतात. रेंजफाइंडरची आतली दांडी या रुळांना टेकलेली असते. रूळ किती सरकले एवढंच तिला कळतं. लेन्सची चौकट त्या रुळांवर नेमकी कुठे बसली आहे, याची तिला काही खबर नसते.

फोकस पाहायची दुसरी सोय म्हणजे मागची दुधी काच. फिल्मचा होल्डर काढून तिथे काचेची चौकट लावायची, डोक्यावर काळं कापड घ्यायचं आणि उलटं दिसणारं चित्र भिंगातून पाहायचं.

आधीच्या तपासण्या

भाता अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च ठेवून पाहिला. घड्यांच्या कोपऱ्यांत कुठेही उजेडाचा ठिपका नव्हता. शटर फोनच्या सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये तपासलं. १/२५ ला दहाच्या आसपास फ्रेम उघडं दिसायला हवं, तसं दिसलं. एक सेकंदाचं शटर मात्र रेंगाळत होतं, मधेच अडखळत होतं. जुनं तेल घट्ट झालं की असं होतं. त्याचा फोकसशी संबंध नाही, म्हणून बाजूला ठेवलं. १/४०० खरोखर १/४०० असेल अशी अपेक्षा सत्तर वर्षांच्या शटरकडून करू नये, आणि फोनवर ते मोजताही येत नाही.

लेन्स स्वच्छ होती. समोरच्या भिंगावर पुसल्याचे बारीक ओरखडे होते, पण त्यांनी चित्राचा कॉन्ट्रास्ट थोडा पडतो, फोटो पुसट होत नाही.

मग भाच्याचे जुने फोटो मागवले. एकात काकू स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेल्या, खिडकीचा उजेड, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, पूर्ण उघडं. काकू म्हणाल्या, "अरे, एवढं धूड डोळ्याला लावून फोटो काढला आणि माझं तोंड तेवढं पुसट! कप बघ कसा लख्ख आलाय." आणि खरंच, चेहऱ्याच्या वीतभर पुढे टेबलावर असलेल्या कपावरचं नक्षीकाम भिंगाखाली मोजता येत होतं. चेहरा लोण्यासारखा.

हा फोटो मला फार कामाचा वाटला. हात हलला असता तर कपही पुसट आला असता. लेन्स खराब असती तरीही तेच. कप शार्प आहे म्हणजे फोकस आहे, फक्त जागेवर नाही, आणि तो हव्या त्या जागेच्या पुढे पडतोय. बाकीचे घरातले फोटो त्याच नजरेने पाहिले. प्रत्येकात जे हवं होतं त्याच्या अलीकडचं काहीतरी शार्प होतं. कुठेही पलीकडचं नाही. रेंजफाइंडर ढिला असता तर चूक कधी पुढे, कधी मागे अशी विखुरलेली दिसली असती. इथे ती एकाच बाजूला होती.

उन्हातले फोटो चांगले का, तेही उघड झालं. तो ट्राय-एक्स ही ४०० वेगाची फिल्म वापरत होता. ४०० च्या फिल्मला कडक उन्हात एफ/१६ किंवा एफ/२२ ठेवावंच लागतं. एवढ्या लहान छिद्रातून फोकसची दीड-दोन मीटरची चूकही झाकली जाते. अ‍ॅपर्चर बारीक करून घेतलेल्या चाचणीवर माझा विश्वास नाही तो यामुळेच. विकणारे नेहमी तसेच फोटो दाखवतात.

दोन साक्षीदार, एकच साक्ष

रेंजफाइंडर आणि दुधी काच एकमेकांशी जुळतात का, हे आधी पाहिलं. ऑन्टॅरिओ सरोवराच्या काठी, जेनेसी नदीच्या मुखाशी शार्लॉटचा लांब धक्का आहे. तिथून समोर पाण्याची सरळ क्षितिजरेषा दिसते. कॅलार्टला याहून चांगलं लक्ष्य मिळणार नाही. त्याच्या दोन खिडक्या एकीखाली एक असतात, त्यामुळे जोडचित्रं वर-खाली सरकतात. विजेचा खांब किंवा इमारतीची उभी कड अशा रेंजफाइंडरला निरुपयोगी, कारण उभी रेघ उभ्या दिशेने सरकली तरी डोळ्याला काही कळत नाही. आडवी रेघ हवी. क्षितिज म्हणजे आडवी रेघच, आणि अंतर म्हणाल तर १०१ मिलिमीटरच्या लेन्सला ते पूर्ण अनंत.

चौकट स्टॉपांना, रूळ मूळ जागी. रेंजफाइंडरमध्ये दोन्ही क्षितिजं एकावर एक. दुधी काचेवर भिंगातून पाहिलं, तिथेही क्षितिज कुरकुरीत. मग जवळचं लक्ष्य, सव्वा मीटरवर खोक्याला चिकटवलेलं वर्तमानपत्र. रेंजफाइंडरने जुळवलं, काचेवर अक्षरं वाचता आली. दोन्ही टोकांना दोघांचं एकमत.

भाचा गोंधळला. "मग दोन्ही बरोबर आहेत ना?"

"दोघं एकमेकांशी बरोबर आहेत. फिल्मला अजून कोणी विचारलंय का?"

फिल्मला विचारलं

चाचणीसाठी मुद्दाम ढगाळ दिवस घेतला. १०० च्या फिल्मला कडक उन्हात एफ/४.५ वर ठेवायचं तर हजाराच्या पुढचं शटर लागेल, आणि ग्राफेक्स ४०० ला थांबतं. ढगांची रॉचेस्टरला कधी वाण नसते. धक्क्यावर टेप पसरून दर दोन मीटरला एक खोकं मांडलं, प्रत्येकावर वर्तमानपत्राचं पान आणि जाड आकड्यात अंतर. खोकी एकामागे एक लपू नयेत म्हणून जरा तिरप्या ओळीत. त्यांच्या मागे क्षितिज. कॅमेरा तिकाटण्यावर, रिलीज केबलने. येणारे-जाणारे थांबून पाहत होते. एका गृहस्थांनी खोक्यांत काय विकायला आहे म्हणून चौकशी केली.

एका रोलला आठच फ्रेम, त्यामुळे काय काढायचं ते आधी लिहून नेलं होतं. मुख्य फ्रेम दोन. अनंतावर जुळवून एफ/४.५, आणि तेच एफ/२२. शिवाय तीन मीटरवर जादा एक खोकं ठेवून रेंजफाइंडर त्यावर जुळवला आणि एफ/४.५ वर काढला. तिथे अलीकडे-पलीकडे अर्ध्या-अर्ध्या मीटरवर लहान पुठ्ठे उभे केले होते.

डी-७६ डेव्हलपरमध्ये धुतल्यावर निगेटिव्ह लाइट टेबलवर घेतली. अनंताच्या फ्रेममध्ये एफ/४.५ ला क्षितिज म्हणजे राखाडी पट्टा, रेघ कुठे नाहीच. आणि १० आकड्याच्या खोक्यावरचे मथळे सरळ वाचता येत होते. ८ आणि १२ वर अक्षरं विरघळायला लागलेली. एफ/२२ च्या फ्रेममध्ये क्षितिज चालण्यासारखं होतं. तीन मीटरच्या फ्रेममध्ये अडीच मीटरचा पुठ्ठा सगळ्यात स्पष्ट, तीनवालं खोकं मऊ.

म्हणजे काच आणि रेंजफाइंडर अनंत म्हणत होते तेव्हा फिल्म दहा मीटर म्हणत होती.

एवढ्यावरून चूक किती मिलिमीटरची ते निघतं. अनंतासाठी लेन्स फिल्मपासून तिच्या फोकल लेंग्थइतकी दूर हवी. जवळच्या वस्तूसाठी ती आणखी पुढे सरकते. किती, तर फोकल लेंग्थचा वर्ग भागिले वस्तूचं अंतर. १०१ गुणिले १०१ म्हणजे १०,२०१. दहा मीटर म्हणजे १०,००० मिलिमीटर. भागाकार १ मिलिमीटर, वर थोडंसं. अनंतावर असायला हवी तेव्हाही लेन्स फिल्मपासून एक मिलिमीटर जास्त दूर होती.

एक मिलिमीटर हे मोठं की लहान? ६×९ साठी एका बिंदूचं ०.०५ मिलिमीटरचं पसरट वर्तुळ चालवून घेतलं, तर एफ/४.५ ला फिल्मच्या मागे-पुढे ०.२२ मिलिमीटरची सवलत मिळते. एफ/२२ ला १.१ मिलिमीटरची. चूक बरोबर या दोहोंच्या मध्ये. उन्हातले फोटो वाचले आणि स्वयंपाकघरातले फसले, त्याचं गणित इतकं साधं.

तीन मीटरच्या फ्रेमवर हेच ताडून पाहिलं. तीन मीटरसाठी लेन्स साधारण साडेतीन मिलिमीटर पुढे येते. त्यात हा एक मिळवला की साडेचार, आणि साडेचारला फोकस पडतो २.४ मीटरच्या आसपास. पुठ्ठा अडीचवर होता. जमलं.

मोजमाप

आता काच आणि फिल्म खरोखर एक मिलिमीटरने चुकतात का, ते हाताने मोजायचं. होल्डरमध्ये वाया गेलेला रोल चढवला, डार्क स्लाइड, म्हणजे फिल्मवरचं झाकण, काढली, आणि कॅमेऱ्याला टेकणाऱ्या पृष्ठभागावर पोलादी पट्टी आडवी ठेवून व्हर्नियर कॅलिपरच्या मागच्या दांडीने फिल्मपर्यंतची खोली घेतली. दांडी फिल्मवर जोराने टेकवली तर फिल्म दबते आणि आकडा फसवतो. म्हणून मधोमध मोजायचं नाही. कडेला, जिथे फिल्मला मागून प्लेटचा आधार आहे, तिथे मोजायचं, आणि चारही कोपऱ्यांत. मग काचेच्या चौकटीवर तशीच पट्टी ठेवून काचेच्या खरखरीत बाजूपर्यंतची खोली. खरखरीत बाजू लेन्सकडेच हवी. जुन्या कॅमेऱ्यात ती कोणीतरी उलटी बसवलेली असण्याची शक्यता असते, पण इथे नखाने पाहिली, बरोबर होती.

फिल्म काचेपेक्षा एक मिलिमीटर खोल होती. चारही कोपऱ्यांत जवळपास तेवढीच.

मग काचेच्या चौकटीकडे नीट पाहिलं आणि कारण समोरच होतं. काच दाबून धरणाऱ्या स्प्रिंगच्या चिमट्या आत वाकवलेल्या होत्या, पक्कडीच्या दातांचे व्रण त्यांच्यावर दिसत होते. काच ज्या कडेवर टेकते तिच्यावर जुन्या धुळीची एक रेघ होती, काचेच्या आताच्या जागेशी न जुळणारी. इथे पूर्वी काचेखेरीज आणखी काहीतरी बसत होतं.

ते म्हणजे फ्रेनेल. बारीक वर्तुळाकार खाचा असलेला प्लॅस्टिकचा पातळ पत्रा, ज्याने काचेचे कोपरे उजळ दिसतात. ग्राफिकच्या काही चौकटींत तो काचेच्या पुढे, लेन्सच्या बाजूला येतो. म्हणजे कडेवर आधी फ्रेनेल, त्यावर काच. फ्रेनेल काढून टाकली तर काच तिच्या जाडीइतकी पुढे सरकते. फ्रेनेल ओरखडली, पिवळी पडली किंवा खाचांमुळे बारीक फोकस दिसेनासा झाला म्हणून लोक ती काढतात, आणि काच तशीच परत बसवतात. चिमट्या सैल पडल्या की वाकवतात. काचेवर चित्र छान दिसतं. चुकल्याचं कळायला मार्ग नाही.

यानंतर रुळांवरचे स्टॉप पाहिले. तिथे आणखी एक खूण मिळाली. दोन्ही स्टॉपांच्या मागे रुळावर फिकट, न मळलेला पट्टा होता, एक मिलिमीटरभर रुंद. स्टॉप पूर्वी मागे होते, कोणीतरी पुढे सरकवलेत. रेंजफाइंडरचं कव्हर मात्र मी पहिल्यांदाच उघडलं आणि फक्त पाहून बंद केलं. आतल्या जुळणीच्या स्क्रूंवरचा लाखेचा ठिपका अभंग होता. कॅलार्टला कोणी कधी हात लावला नव्हता.

एवढ्यावरून घडलेलं असं दिसतं. कॅमेरा मुळात बरोबर होता. कधीतरी फ्रेनेल काढली गेली. काच पुढे आली, आणि स्टॉपांवर लेन्स ठेवून पाहिलं तर काचेवर अनंत पुसट दिसायला लागलं. त्या माणसाने काचेवर विश्वास ठेवला आणि स्टॉप पुढे सरकवले, काचेवर क्षितिज शार्प होईपर्यंत. त्याने कामात कसूर केली असं नाही; दिसत होतं त्याप्रमाणे त्याने बरोबरच केलं. रेंजफाइंडर रुळांकडे पाहतो, स्टॉपांकडे नाही, म्हणून त्याचं अनंत जागेवरच राहिलं. नंतर तपासणाऱ्याला काच आणि रेंजफाइंडर हातात हात घालून उभे दिसणार.

दुरुस्ती

क्रम एवढाच: आधी काच फिल्मच्या जागी, मग स्टॉप काचेच्या जागी, मग रेंजफाइंडर पाहायचा.

काचेखाली किती जाडीची पट्टी घालायची, इथे एक चकवा आहे. अंदाज करायचा तर मूळ फ्रेनेल दीड मिलिमीटरची असावी. मग काढलेल्या दीडच्या जागी दीडची पट्टी घालू, असं कोणालाही वाटेल. भाच्यालाही वाटलं. पण फ्रेनेल नुसती अडण म्हणून बसलेली नसते, तिच्यातून प्रकाश जातो. प्लॅस्टिकमधून जाताना किरण वाकतात आणि फोकस पत्र्याच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांशाने मागे पडतो. दीडच्या फ्रेनेलने काच दीड मिलिमीटर मागे बसते, त्यातलं अर्धा मिलिमीटर प्रकाश स्वतःच मागे गेल्यामुळे वसूल होतं, आणि उरलेलं एक मिलिमीटर कारखान्याने टेकायची कडच तेवढी पुढे ठेवून सांभाळलेलं असतं. फ्रेनेल नसेल तर भरून काढायचं ते एकच मिलिमीटर. मोजमापात आलेला फरकही तोच. दीडची पट्टी घातली असती तर चूक अर्ध्या मिलिमीटरने उलट्या बाजूला गेली असती, आणि काकूंच्या चेहऱ्याऐवजी मागचं कॅलेंडर शार्प आलं असतं.

मॉडेल रेल्वेवाल्यांच्या दुकानात पॉलिस्टायरीनचा एक मिलिमीटरचा पत्रा मिळतो. त्याच्या अरुंद पट्ट्या कापून चारही कडांना काचेखाली ठेवल्या, चिमट्या परत सरळ केल्या आणि खोली पुन्हा मोजली. एका कोपऱ्यात फरक जाणवला, पट्टीला कापताना उरलेली धार होती, ती पात्याने खरवडली.

स्टॉपांचे स्क्रू सैल करून दोन्ही स्टॉप मागे, त्या फिकट पट्ट्यांच्या मूळ कडेपर्यंत आणले. पुन्हा धक्क्यावर. रूळ मूळ जागी ठेवून काचेवर क्षितिज पाहिलं, शार्प. रेंजफाइंडरमध्ये पाहिलं, दोन्ही क्षितिजं एकावर एक, आधी होती तशीच. सव्वा मीटरच्या वर्तमानपत्रावरही जुळलं. यात नवल नाही. रूळ तेवढेच सरकले की लेन्सही तेवढीच सरकते, आता फक्त सगळं एक मिलिमीटर मागून सुरू होतं. आतल्या एकाही स्क्रूला हात लागला नाही याचं मला जास्त समाधान, कारण कॅलार्टमध्ये दूरची जुळणी आणि जवळची जुळणी वेगळ्या असतात आणि एकीला हलवलं की दुसरी थोडी बिघडते. दोघींच्या मधे येरझारा घालत संध्याकाळ जाते.

भाच्याने सुरुवातीला ठरवल्याप्रमाणे रेंजफाइंडरच फिल्मशी जुळवला असता तर? स्टॉप पुढेच राहिले असते, आणि अनंतावर जायला रूळ मूळ जागेच्याही मागे एक मिलिमीटर न्यावे लागले असते. घरातले फोटो सुधारले असते, आणि डोंगर, सरोवर, गावाचा देखावा यांतलं काहीच अ‍ॅपर्चर उघडून शार्प आलं नसतं. मग नवी तक्रार, लेन्सबद्दल.

दुसऱ्या रोलवर दिसलेलं

तीच मांडणी, तेच अ‍ॅपर्चर. क्षितिज आता रेघ होती. पण फ्रेमच्या एका बाजूला, साधारण शेवटच्या चौथ्या भागात, ती जराशी मऊ पडत होती.

स्टॉप दोन असतात आणि दोन्ही एका रेषेत हवेत. एक जरी किंचित पुढे राहिला तर लेन्सची चौकट तिरकी टेकते. स्टॉपांमधलं अंतर पाच-सहा सेंटिमीटर, त्यात एका बाजूला ०.३ मिलिमीटरचा फरक राहिला तर तो फिल्मच्या रुंदीवर वाढत जाऊन एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जवळजवळ अर्धा मिलिमीटर होतो. मधे शार्प, कडेला नाही, असं चित्र त्यातून येतं. फीलर गेजच्या, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांच्या, पात्या चौकट आणि स्टॉपच्या फटीत घालून पाहिल्या. एका बाजूला ०.३ ची पाती सहज जात होती, दुसऱ्या बाजूला चौकट घट्ट टेकलेली. फिकट पट्ट्याच्या कडेवर डोळ्याने ठेवलेला स्टॉप एवढा चुकणारच. तो सरकवून पाती अडकेपर्यंत आणला, आणि काचेवर क्षितिजाची रेघ डावीकडून उजवीकडे भिंगाने चालत जाऊन पाहिली.

रेंजफाइंडरचं जोडचित्र मात्र फिकट आहे, अर्धपारदर्शक आरशावरचा मुलामा वयाने उतरलाय. समोरच्या एका खिडकीच्या मधोमध काळ्या टेपचा अगदी लहान तुकडा लावला की मधलं चित्र उठून दिसतं. तेवढं केलं. एक सेकंदाचं शटर अजून रेंगाळतंच आहे. ते उघडून धुणं हे वेगळं काम, आणि भाचा तिकाटणं घेऊन फिरणारा नाही, त्याला १/२५ च्या खाली सहसा जावं लागणार नाही.

होल्डर जुन्या घडणीचा, गोल चाकी फिरवून फिल्म पुढे नेणारा. त्याने नंतर खटक्याचा, कडेला रूळ असलेला होल्डरही मिळवला. त्यात फिल्म जास्त सपाट बसते. तो वापरायला देण्याआधी तीच पट्टी आणि तोच व्हर्नियर लावून खोली घेतली. पहिल्या होल्डरपेक्षा फरक इतका कमी, की एफ/४.५ च्या सवलतीत आरामात बसावा. दोन्हींसाठी एकच सूचना त्याला दिली: फिल्म पुढे न्यायची ती फोटो काढण्याच्या जरा आधी. रात्रभर होल्डरमध्ये ताणून ठेवलेली फ्रेम वाकाच्या जागी फुगते, आणि मग काचेवर कितीही काटेकोर जुळवलं तरी त्या फ्रेमपुरतं सगळं वाया.

आता त्याला कोपरे उजळ हवेत म्हणून नवी फ्रेनेल बसवायची आहे. पुढे बसवायची तर ती दीड मिलिमीटरचीच हवी आणि पट्ट्या काढाव्या लागतील. मागे, डोळ्याच्या बाजूला बसवली तर काचेच्या खरखरीत बाजूपर्यंत प्रकाश आधीच पोचलेला असतो, तेव्हा जाडी कितीही असली तरी फोकसला धक्का लागत नाही. ती मागेच बसवायची ठरली आहे. पट्ट्या आहेत तिथेच राहतील, आणि त्यांची जाडी चौकटीच्या आतल्या कडेवर पेन्सिलीने लिहून ठेवली आहे.